हिमाचे पांघरूण : शीत प्रदेशांतील जीवसृष्टी

हिम म्हणताच आपल्या मनात मरणाचे चित्र उभे राहते. पांढरे, निःशब्द मैदान, निष्पर्ण झाडे, गोठलेल्या नद्या, आणि जीवनाचे चिन्ह कोठेही नाही. ज्या प्रदेशात थंडीच्या दिवसांतही आंगण्यात तुळस हिरवीगार असते, तेथील माणसास असे वाटावे हे स्वाभाविकच आहे. परंतु शीत प्रदेशांतील प्राणी व वनस्पती यांचा ज्यांनी जवळून अभ्यास केला, त्यांचा अनुभव नेमका उलट आहे. त्या प्रदेशांत मारक असते ती थंडी, हिम नव्हे. पुष्कळ जीवांना त्या थंडीपासून वाचविणारी वस्तू हिम हीच होय. हिम वेळेवर पडले नाही, पुरेसे पडले नाही, किंवा पडून अवेळी वितळले, तर काय अनर्थ ओढवतो, हे गेल्या काही दशकांत स्पष्टपणे दिसून आले आहे. हे कसे घडते, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

हिम आणि बर्फ

प्रारंभी शब्दांविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्या भाषेत ‘बर्फ’ हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. आकाशातून भुरभुरत येणारा, पिंजलेल्या कापसासारखा पदार्थ तोही बर्फच, आणि हातोडीने फोडावी लागणारी, भुशात गुंडाळून आणलेली लादी तीही बर्फच. येथे मात्र आकाशातून पडणाऱ्या पदार्थास आपण ‘हिम’ म्हणू, आणि पाणी गोठून झालेल्या कठीण, घट्ट पदार्थासच ‘बर्फ’ म्हणू. भूमीवर साचून राहिलेल्या हिमाच्या थरास ‘हिमावरण’ म्हणता येईल. दोन्ही पदार्थ रासायनिक दृष्ट्या एकच असले, तरी जीवसृष्टीच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक तारक, तर दुसरा पुष्कळदा मारक ठरतो.

हिम तयार होते ते ढगांत. तेथे पाण्याची वाफ द्रवरूप न होता सरळ घनरूप होते आणि सहा पाकळ्यांचे नाजूक स्फटिक बनतात. हे स्फटिक एकमेकांवर पडतात तेव्हा त्यांच्या पाकळ्यांमध्ये पुष्कळ पोकळी राहते. ताज्या हिमाच्या ढिगात नऊ-दशांशांहून अधिक जागा हवेने व्यापलेली असते. दहा सेंटीमीटर जाडीचे ताजे हिम वितळविले, तर साधारणपणे एक सेंटीमीटरच पाणी मिळते, ते यामुळेच. उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात सुमारे साडेचार कोटी चौरस किलोमीटर भूमी अशा हिमाखाली असते. म्हणजे त्या गोलार्धातील जवळजवळ निम्म्या जमिनीवर हे पांघरूण पसरलेले असते.

पांघरूण ऊब कशी राखते ?

गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो. परंतु गोधडीपाशी स्वतःची उष्णता नसते. तिच्या थरांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेची वाईट वाहक असल्यामुळे आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, एवढेच. हिमाचेही तसेच आहे. ताजे हिम उष्णतेचे वहन घट्ट बर्फाच्या मानाने विसाव्या हिश्श्याहूनही कमी करते. उन्हाळ्यात भूमीने शोषून घेतलेली उष्णता हिवाळ्यात हळूहळू वर येऊ लागते. वर हिमाचे पांघरूण असेल, तर ती तेथेच कोंडून राहते.

यासाठी पांघरूण पुरेसे जाड मात्र असावे लागते. हलक्या हिमाची जाडी सुमारे वीस सेंटीमीटर झाली, म्हणजे बाहेरच्या तापमानाचे चढउतार भूमीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत, असे अभ्यासकांस आढळले आहे. बाहेर पारा शून्याखाली चाळीस अंश सेल्सियसपर्यंत उतरला असतानाही जाड हिमाच्या तळाशी तापमान शून्याच्या काही अंशच खाली असू शकते. वाऱ्याने दडपलेल्या घट्ट हिमात हवा कमी असते; त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या अशा हिमात ऊबही कमी राहते. हिम केव्हा पडले, यालाही महत्त्व आहे. जमीन गोठण्यापूर्वीच पांघरूण पडले तर माती उबदार राहते. जमीन आधीच गोठून गेली असेल, तर तेच पांघरूण आतली थंडी कोंडून ठेवते.

तळाची ऊब आणि माथ्याची थंडी यांमुळे हिमाच्या थरातही एक स्थित्यंतर घडून येते. तळच्या हिमाची थोडी वाफ होते, ती वर चढते आणि थंड स्फटिकांवर पुन्हा गोठते. कालांतराने तळाशी जाडसर साखरेसारखा मोकळा, ठिसूळ थर तयार होतो आणि भूमी व हिम यांच्यामध्ये ठिकठिकाणी पोकळी निर्माण होते. अलास्कातील इन्युपियाट लोकांच्या भाषेत या साखरी हिमाला ‘पुकाक’ असे स्वतंत्र नाव आहे. ज्यांचे जीवनच हिमावर अवलंबून आहे, त्यांना हा भेद शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

हिमाखालचे जग

ही पोकळी म्हणजे एक स्वतंत्र जगच आहे. तेथे वारा नाही, तापमान जवळजवळ स्थिर आहे, हवा दमट आहे, आणि गवताची मुळे, बिया व वाळलेली पाने हे खाद्यही हाताशी आहे. व्होल व लेमिंग हे शेतउंदरांसारखे छोटे प्राणी साऱ्या हिवाळाभर या तळघरात बोगदे करून हिंडत असतात. गवताची गोल घरटी बांधून ते त्यांत ऊब धरून बसतात. लेमिंगांची तर हिमाखाली वीणही होते. किडे शोधणाऱ्या चिमुकल्या चिचुंद्र्याही तेथेच वावरतात. एवढेसे शरीर उष्णता फार लवकर गमावते. उघड्या थंडीत त्यांचा निभाव काही तासही लागला नसता. अलास्कातील एक जातीचा बेडूक तर पालापाचोळ्यात व हिमाखाली अक्षरशः गोठून पडतो आणि वसंतात पुन्हा हालचाल करू लागतो. त्याला गोठणे सोसते. परंतु ते एका मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा हिमाचे पांघरूण सांभाळते.

तथापि जेथे भक्ष्य आहे तेथे भक्षक येणारच. वीझल नावाचा मुंगसासारखा लांबट, सडपातळ प्राणी व्होलांच्या बोगद्यांत शिरून त्यांची शिकार करतो. तांबडा कोल्हा हिमावर कान टवकारून उभा राहतो, खालची खसखस टिपतो, आणि उंच उडी घेऊन तोंड हिमात खुपसतो. उत्तरेकडील अरण्यांतील मोठे करडे घुबड दिसत नसलेल्या व्होलाचा ठाव केवळ आवाजावरून घेते आणि हिम फोडून त्यास पकडते.

हिमाची घडण बिघडली, म्हणजे ही सारी साखळी विस्कळित होते. दक्षिण नॉर्वेच्या डोंगराळ भागात लेमिंगांची संख्या दर तीन-चार वर्षांनी एकदम वाढत असे. इ. स. १९९४ नंतर बरीच वर्षे ही भरती आलीच नाही. हिवाळे अधिक सौम्य व दमट झाल्यामुळे तळचे मोकळे हिम व पोकळी नीट तयार होईनाशी झाली, हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. लेमिंगांवर जगणाऱ्या शिकारी पक्ष्यांना आणि ध्रुवीय कोल्ह्यांना याची झळ लागते. इतकेच नव्हे, तर लेमिंगांचा तुटवडा पडला असता ही भुकेली तोंडे रानकोंबड्यांसारख्या इतर पक्ष्यांकडे वळतात.

हिमावरचे जग

जे प्राणी हिमाखाली मावत नाहीत, त्यांना हिमावरून चालावे लागते. रशियन प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉर्मोझोव्ह यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दृष्टीने प्राण्यांचे तीन वर्ग कल्पिले. हिमात ज्यांचा निभावच लागत नाही ते हिमद्वेषी, हिम ज्यांना सोसता येते ते हिमसहिष्णु, आणि ज्यांच्या शरीराची ठेवणच हिमास अनुरूप आहे ते हिमप्रिय. हिमावरण हा पर्यावरणाचा एक मूलभूत घटक आहे, ही दृष्टी त्यांच्या लेखनामुळे शास्त्रज्ञांत रूढ झाली.

मूस हा प्रचंड सांबरासारखा प्राणी हिमसहिष्णु म्हणता येईल. त्याचे लांब पाय खोल हिमातूनही वाट काढतात. परंतु हिमाच्या पृष्ठावर टणक पापुद्रा धरला, तर फासे उलटे पडतात. तो पापुद्रा लांडग्याला तोलून धरतो आणि मूसच्या पायाखाली मात्र फुटतो. हिमप्रिय प्राण्यांचे उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतील हिमससा. त्याचे मागचे रुंद, केसाळ पंजे त्यास हिमावर बुडू देत नाहीत. त्याचा वैरी लिंक्स, म्हणजे एक मोठे रानमांजर. त्याचेही पंजे तसेच रुंद असतात. टार्मिगन नावाच्या रानकोंबड्यांच्या पायांवर तर नखांपर्यंत पिसे असतात, आणि रात्र घालविण्यासाठी त्या हिमात बीळ करून दडून बसतात.

हिमससा व टार्मिगन हिवाळ्यात पांढरे होतात, हे सर्वश्रुत आहे. हा बदल घडवून आणतो तो दिवसाचा वाढता-घटता काळ, हिम नव्हे. हजारो वर्षे दिवसमान व हिम यांची सांगड बसलेली होती. आता हिम उशिरा पडू लागले आणि लवकर वितळू लागले, तर काळ्या जमिनीवर पांढरा ससा उठून दिसणार. अशा विसंगतीच्या आठवड्यांत सशांची शिकार अधिक होते, असे अमेरिकेतील निरीक्षणांवरून दिसून आले आहे.

रेनडिअर या हरणाची कथा आणखी बोधप्रद आहे. उत्तर अमेरिकेत त्यास ‘कॅरिबू’ म्हणतात. ते नाव मिगमाक लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘हिम उकरणारा’ असा आहे. हिवाळ्यात हा प्राणी खुरांनी हिम उकरून खालची शैवाके खातो. आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूल याच वर्गातले. हिम मऊ असेल, तर रेनडिअरला त्याखालच्या अन्नाचा वासही येतो आणि ते उकरताही येते.

वनस्पती व मृत्तिका

वनस्पतींना तर थंडीपासून पळ काढता येत नाही. ध्रुवीय प्रदेशात व उंच पर्वतांवर हिम कोठे साचते आणि कोठून उडून जाते, यावर कोठे काय उगवणार हे ठरते. वाऱ्याच्या तडाख्यातील उघड्या कड्यांवर थंडी व कोरडेपणा सोसणारी झुडपे राहतात. हिम उशिरापर्यंत टिकणाऱ्या खळग्यांत, ज्यांना थोडक्या दिवसांत फुलून फळता येते, अशाच वनस्पती जगतात. दोहोंमध्ये अंतर पुष्कळदा पाच-पन्नास पावलांचेच असते. वृक्षांच्या सीमेवरील सूचिपर्णी झाडे पाहावीत. हिमात बुडालेल्या त्यांच्या खालच्या फांद्या दाट व हिरव्या असतात. परंतु हिमाच्या वर आलेला शेंडा वाऱ्याने व वाऱ्यासोबत उडणाऱ्या हिमकणांनी खरवडून निघालेला असतो. हिवाळ्यात हिमाची पातळी कोठवर होती, याची खूण जणू झाडानेच लिहून ठेवलेली असते.

मातीतील सूक्ष्म जीवही हिवाळ्यात झोपी जात नाहीत. अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील नायवॉट रिज या पर्वतभागातील अभ्यासात असे आढळले की, हिमाखालच्या मातीत जीवाणू व कवके यांची संख्या हिवाळ्याच्या अखेरीस शिगेला पोहोचते. शरद ऋतूत गळलेल्या पाल्याचे विघटन ते हिवाळाभर करीत असतात. हिम वितळताच त्यांपैकी पुष्कळ मरतात, आणि त्यांच्या देहांतील नायट्रोजन नव्याने अंकुरणाऱ्या वनस्पतींना मिळतो. वसंताची शिदोरी अशी हिवाळ्यातच बांधून ठेवलेली असते.

हिम वितळताना

ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ऐंशी ते नव्वद टक्के भाग परावर्तित करते. म्हणून ते उन्हातही टिकते. शिवाय शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी करण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापू शकेल! या दोन कारणांमुळे हिमावरण एकाएकी नाहीसे होत नाही. ते आठवडेच्या आठवडे झिरपत राहते आणि ओढ्यांना, कुरणांना व जंगलांना ऐन वाढीच्या काळात पाणी पुरविते.

हिम जाताच फुलांचा हंगाम सुरू होतो. परंतु ते फार लवकर गेले, तर कळ्या अवेळी उघड्यावर पडतात आणि उशिरा येणारे दहिवर त्यांना जाळून टाकते. कॉलोराडोतील पर्वतांत सूर्यफुलाच्या कुळातील एका रानफुलावर वर्षानुवर्षे निरीक्षण करण्यात आले. १९९२ ते १९९८ या काळात दर वर्षी सरासरीने सुमारे ३६ टक्के कळ्या दहिवराने नष्ट होत असत. १९९९ ते २००६ या काळात हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर गेले. वसंत लवकर आला, पण फुले कमी झाली!

हिमालयाच्या पलीकडे

आपल्या देशातही असा प्रदेश आहे. लडाख व स्पिती हे भाग हिमालयाच्या पर्जन्यछायेत येतात. मान्सूनचे ढग तेथे क्वचितच पोहोचतात. लेह येथे वर्षाकाठी पाऊस व हिम मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पाणी पडते. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळे उंच शिखरांवर जे हिम टाकून जातात, त्यावरच तेथील सातूची व वाटाण्याची शेती अवलंबून असते. वितळलेले पाणी पाटांनी शेतात आणले जाते. झंस्करच्या खोऱ्यात शेतकरी हिवाळ्यापूर्वी माती साठवून ठेवतात आणि थंडी ओसरू लागताच ती शेतावरील हिमावर पसरतात. काळी माती ऊन शोषून घेते, हिम लवकर वितळते, आणि आखूड हंगामातील काही मोलाचे दिवस पदरात पडतात. परावर्तनाचा जो नियम वर सांगितला, त्याचाच हा व्यवहारी उपयोग होय.

येथील प्राण्यांचे जीवनही हिमाच्या तालावर चालते. मार्मोट हा गुबगुबीत कृंतक प्राणी जवळजवळ अर्धे वर्ष खोल बिळात निद्रिस्त असतो. पायका नावाचा सशाच्या गणातील चिमुकला जीव मात्र निद्रा घेत नाही. दगडांच्या राशीत, हिमाच्या छपराखाली तो हिवाळा काढतो. भरल व आयबेक्स ही रानमेंढ्या-बकऱ्यांची खिल्लारे हिम साचत नाही अशा वाऱ्याच्या उतारांवर चरावयास जातात, आणि रुंद, केसाळ पंजांचा हिमबिबट्या त्यांच्या मागोमाग जातो.

पांघरूण विरू लागले तर

पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हिवाळा सौम्य झाला तर जीवांना बरेच, असे प्रथमदर्शनी वाटेल. हा समज तपासून पाहण्यासाठी अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्याच्या हबर्ड ब्रूक अरण्यात एक साधा प्रयोग करण्यात आला. १९९७-९८ आणि १९९८-९९ या दोन हिवाळ्यांच्या आरंभी शास्त्रज्ञांनी मॅपल व भूर्ज वृक्षांखालील काही तुकड्यांवरचे हिम फावड्यांनी काढून टाकले. हिवाळे सौम्य होते. तरीही उघडी पडलेली माती शेजारच्या मातीपेक्षा अधिक गोठली. झाडांची बारीक मुळे मोठ्या प्रमाणावर मेली, आणि त्यांनी शोषून घ्यावयाचे नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जाऊ लागले. अधिक उबदार जगात माती मात्र अधिक थंड होऊ शकते, हा विचित्र वाटणारा परंतु सरळ कार्यकारणाने येणारा निष्कर्ष यातून निघाला.

मानवाने केलेला प्रयोग काही लहान तुकड्यांपुरता होता; निसर्गाने तोच मोठ्या प्रमाणावर करून दाखविला आहे. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर व त्यालगतच्या प्रदेशात पिवळा सीडर या दीर्घायुषी वृक्षाची जंगले दोन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर वाळून गेली. याची मुळे भूमीत फार खोल जात नाहीत. हिवाळ्याच्या अखेरीस त्यांची थंडी सोसण्याची शक्ती ओसरते. पूर्वी त्या वेळी वर हिम असे. आता हिमाऐवजी पाऊस पडतो, भूमी उघडी राहते, आणि मग आलेली थंडीची एखादी लाट मुळेच मारून टाकते. शेकडो वर्षांचे वृक्ष उबदार होत चाललेल्या काळात थंडीने मरतात, ते असे.

याहूनही हृदयद्रावक प्रसंग सायबेरियाच्या यामाल द्वीपकल्पात घडला. तेथील नेनेत्स लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअरांचे कळप पाळीत आले आहेत. २०१३ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथे हिमावर पाऊस पडला, आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. भिजलेले हिम गोठून त्याचा कठीण बर्फ झाला. अन्न खुरांखाली काही बोटांवरच होते; परंतु ते उकरता येईना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले. २००६ मध्येही अशाच पावसानंतर सुमारे २०,००० जनावरे दगावली होती. ज्यांचे अन्न, वस्त्र, वाहन आणि धन रेनडिअर हेच आहे, अशा कित्येक कुटुंबांवर कळप गमावून केवळ मासेमारीवर गुजराण करण्याची पाळी आली. हिमाचा बर्फ होणे, ही शब्दांची बाब किती जीवघेणी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

या घटना एकट्या-दुकट्या नाहीत. उपग्रहांच्या नोंदींवरून असे दिसते की, आर्क्टिक प्रदेशाच्या भूमीवर जून महिन्यात उरणाऱ्या हिमाचे क्षेत्र १९६७ ते २०१८ या काळात दर दशकास सुमारे १३ टक्के या वेगाने घटले. हिम गेले की काळी भूमी अधिक ऊन शोषते, त्यामुळे हवा अधिक तापते, आणि उरलेले हिमही लवकर जाते. असे हे चक्र आहे.

हिवाळ्यातील पांढऱ्या मैदानाचे जे चित्र आपण आरंभी डोळ्यांपुढे आणले, ते आता निराळे दिसावयास हवे. त्या स्तब्ध पृष्ठाखाली व्होल बोगदे खणीत आहेत, मुळे जिवंत आहेत, कवके पाला कुजवीत आहेत, आणि येत्या उन्हाळ्याचे पाणी साठून राहिले आहे. त्या पांघरुणाची जाडी, मऊपणा आणि टिकण्याचा काळ यांवर घुबडापासून नेनेत्स मेंढपाळापर्यंत आणि झंस्करच्या शेतकऱ्यापर्यंत अनेकांचा योगक्षेम अवलंबून आहे. हिवाळ्यात हिम किती पडले, ते कसे होते आणि केव्हा गेले, याची नोंद आज ठिकठिकाणी काळजीपूर्वक ठेवली जाते, ती याचसाठी.